स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे जगणे (कर्करोग नसलेले आजार): सीमाभागातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी धागा

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या स्वादुपिंडावर, ज्याला रुग्णालयात सगळे पँक्रियाज म्हणतात, गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. कर्करोग नव्हता. स्वादुपिंडाच्या नळीत खडे साठून अनेक वर्षे दाह चालू होता आणि शेवटी ‘फ्रे’ पद्धतीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याआधी पोटाच्या वरच्या भागातून पाठीत घुसणारी कळ उठली की गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून तो रात्र बसून काढत असे. ती कळ आता जवळजवळ गेली आहे आणि त्याबद्दल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे ऋण आमचे घर विसरणार नाही.

तरीही मला लिहावेसे वाटते ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी. टाके निघाले, स्कॅन चांगला आला, म्हणजे माणूस बरा झाला असे सर्वांनी धरून चालले आणि भाऊ मात्र वाळत चालला होता. शौचाला उग्र वास येई, ते पाण्यावर तरंगे आणि दोन बादल्या पाणी ओतूनही भांड्याला तेलकट थर चिकटून राही. लाजेपोटी त्याने हे कोणाला सांगितले नाही; भावजयीच्या लक्षात आले म्हणून कळले. डिस्चार्ज कार्डावर एन्झाइमच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या पाचक द्रव्यांच्या, कॅप्सूल दिवसातून तीन वेळा घ्याव्यात एवढेच लिहिले होते. आपल्याकडे गोळी घ्यायची म्हणजे जेवण आटोपल्यावर, चूळ भरून, पाण्याबरोबर. तो तसेच करत होता आणि सकाळी शेतात भाकरी खायच्या वेळी कॅप्सूलची डबी घरीच असे. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पहिल्या घासाबरोबर एक आणि निम्म्या जेवणात दुसरी घ्यायला सांगितली, प्रमाणही वाढवले. त्यानंतर काही आठवड्यांतच शौच सुधारले आणि वजन वाढू लागले.

आम्ही खानापूर तालुक्यातले, शस्त्रक्रिया झाली दुसऱ्या राज्यातल्या शहरात. ज्यांनी पोट उघडून पाहिले ते डॉक्टर लांब राहतात आणि जवळच्या डॉक्टरांच्या हाती पुरते कागद नसतात. शस्त्रक्रियेने वेदनेचे मूळ दूर होते. पण माणूस पुन्हा पोटभर जेवतो, झोपतो, कामाला उभा राहतो की नाही हे पुढच्या देखभालीवर ठरते, आणि आपल्या भागात नेमकी तीच देखभाल दोन राज्यांच्या मध्ये सुटून जाते, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_शल्यक

ताई, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. मी बेळगावात अनेक वर्षे पोटाच्या शस्त्रक्रिया केल्या, म्हणून थोडे पार्श्वभूमीचे लिहितो.

स्वादुपिंडाची कामे दोन. अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, पचवणारा रस आतड्यात सोडणे हे एक आणि इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडणे हे दुसरे. दीर्घकालीन दाहात ही ग्रंथी हळूहळू तंतुमय होते, नळी कुठे आवळते तर कुठे फुगते आणि तिच्यात खडे होतात. प्यूस्टो यांनी १९५८ मध्ये आणि पार्टिंग्टन व रोशेल यांनी १९६० मध्ये नळी लांबीभर उघडून ती लहान आतड्याला जोडण्याच्या पद्धती मांडल्या. फ्रे यांनी १९८७ मध्ये त्यात भर घालून स्वादुपिंडाच्या डोक्याचा, म्हणजे उजवीकडच्या रुंद टोकाचा, दाहाने सुजलेला गाभाही कोरून काढला. जर्मनीत बेगर यांनी त्याआधीच, १९७०च्या दशकात, ग्रहणी म्हणजे जठरालगतचा आतड्याचा भाग शाबूत ठेवून डोक्याचा भाग काढण्याची पद्धत सुरू केली होती. या सर्वांत शक्य तितकी ग्रंथी वाचवण्याचाच प्रयत्न आहे.

मात्र जो भाग दाहाने निकामी झाला तो कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. शस्त्रक्रियेने कळ जाते, पण पचनाची उणीव राहते आणि मूळ आजार पुढे सरकत असल्यामुळे काहींना नंतर मधुमेहही होतो. हे रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितले पाहिजे, म्हणजे नंतर फसवले गेल्याची भावना येत नाही.

अभ्यासांतूनही हेच दिसते. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांच्या अखेरीस शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांना वेदनेपासून पूर्ण किंवा आंशिक आराम होता, तर शस्त्रक्रियेऐवजी तोंडावाटे दुर्बीण घालून उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. त्याच देशातील ८८ रुग्णांच्या ‘एस्केप’ या २०२० सालच्या चाचणीत आधी औषधे आणि दुर्बिणीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची वेदना दीड वर्षात कमी राहिली. पण जीवनमानाच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत अशी माझी विनंती आहे. या प्रश्नावल्यांत भूक, झोप, थकवा, घरचे आणि बाहेरचे काम, चारचौघांत वावरणे, मनाची अवस्था असे सगळे विचारलेले असते. वेदना हा त्यातला एकच भाग. बाकीचे भाग सुधारायचे तर ते काम वेगळे करावे लागते.

कोणती शस्त्रक्रिया चांगली, असे मला अनेकदा विचारले जाते. ‘क्रोपॅक’ या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या युरोपीय चाचणीत ग्रहणी वाचवणारी पद्धत आणि ग्रहणीसह डोके काढण्याची मोठी पद्धत यांत दोन वर्षांतील जीवनमानाच्या दृष्टीने फरक दिसला नाही. म्हणून पद्धतीच्या नावापेक्षा त्या शस्त्रक्रियेचा नित्य सराव असलेले रुग्णालय निवडावे आणि नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत.

अथणीची_लेक

माझा आजार वेगळा होता, पण विषय हाच आहे म्हणून लिहिते. माझ्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ निघाली. तिचे नाव सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर. ही गाठ बहुतेक वेळा तरुण मुलींना व स्त्रियांना होते, पसरण्याची शक्यता कमी असते, पण ती अगदी निरुपद्रवी नसल्यामुळे काढावीच लागते. माझ्या शस्त्रक्रियेत शेपटीच्या भागाबरोबर प्लीहाही, म्हणजे पाणथरीही, काढावी लागली.

पचनाचा किंवा साखरेचा त्रास मला झाला नाही, कारण उरलेले स्वादुपिंड निरोगी होते. पण पाणथरी नसलेल्या माणसाला काही जंतूंचा संसर्ग फार वेगाने चढतो, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी) या तिन्ही जंतूंवरच्या लसी घ्याव्या लागतात. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर निदान दोन आठवडे आधी, राहून गेल्यास साधारण दोन आठवड्यांनी. फ्लूची लस दरवर्षी. ताप भरला तर ‘व्हायरल असेल, उद्या बघू’ असे म्हणून घरी थांबायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि पाणथरी काढली आहे हे स्वतःहून सांगायचे. मी तशी चिठ्ठी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून आधार कार्डाच्या मागे ठेवली आहे, कारण प्रवासात कोण कुठल्या दवाखान्यात नेईल ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. स्थळे पाहताना पोटावरच्या व्रणाचा विषय निघतोच. काही नातेवाइकांनी तो लपवायचा सल्ला दिला होता. आम्ही कागदपत्रांसह सगळे आधीच सांगितले. मातृत्वाला या शस्त्रक्रियेमुळे आडकाठी नाही, हे डॉक्टरांनी आमच्या दोन्ही घरांसमोर समजावले आणि लग्न झाले. ज्या मुलींना हीच काळजी खात असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारावा. त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही.

निपाणीचा_वाचक

डॉक्टरसाहेबांनी दारू-तंबाखूचा उल्लेख केला नाही, म्हणून मी करतो. माझा आजार दारूने झाला होता. आमच्याकडे तंबाखूवर घरे चालतात, बायाबापड्या विड्या वळून मुलांची शिक्षणे करतात, त्यामुळे तंबाखूविरुद्ध बोलणे जड जाते. तरीही बोलले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर मी दारू सोडली, पण विडी चालू ठेवली होती, कारण विडीचा पोटाशी काय संबंध असे वाटे. मग डॉक्टरांनी सांगितले की धूम्रपान हे दारूपासून वेगळे, स्वतंत्र कारण आहे आणि त्याने स्वादुपिंडात खडे होण्याची क्रिया वेगाने पुढे जाते.

विडी सोडणे दारू सोडण्यापेक्षा अवघड गेले. जत्रेत, लग्नात, ऊसतोडीच्या हंगामात लोक आग्रह करतात आणि ‘आता ऑपरेशन झालंय, एकानं काय होतंय’ म्हणतात. अशा वेळी बायकोने आणि मोठ्या मुलाने बाजूला उभे राहून नाही म्हटले, ते मला औषधापेक्षा उपयोगी पडले. ज्यांना घरी असा आधार नाही त्यांनी धारवाडच्या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे डिमहान्समध्ये, व्यसनमुक्तीसाठी जावे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करूनही बोलता येते. दारूमुळे झालेल्या आजाराच्या रुग्णाकडे लोक तुच्छतेने पाहतात, ‘स्वतःच्या करणीने भोगतोय’ म्हणतात. त्या बोलण्याने कोणाची दारू सुटत नाही. माणूस तपासणीला जायचा मात्र बंद होतो.

ऊसपट्टा_हुक्केरी

वडिलांची शस्त्रक्रिया होऊन बराच काळ झाला. पुढे मधुमेह झाला आणि आता इन्सुलिन चालू आहे. आमच्या पंपाला थ्री-फेज वीज बहुतेक रात्रीच येते, म्हणून उसाला पाणी पाजायला ते रात्री रानात असतात. एकदा पाटाच्या कडेला घामाने भिजून, हात थरथरत, काहीच्या बाही बोलताना सापडले. शेजारच्या रानातल्या गड्याला वाटले की प्यायले आहेत. दवाखान्यात साखर अगदी खाली गेलेली निघाली. चुलत्यांनाही मधुमेह आहे, तेही इन्सुलिन घेतात, पण त्यांना असे कधी होत नाही. हा फरक का असावा?

निवृत्त_शल्यक

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या चुलत्यांचा मधुमेह बहुधा नेहमीचा, म्हणजे टाइप २ असावा. स्वादुपिंडाच्या आजाराने होणाऱ्या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींबरोबर ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही नष्ट होतात. साखर खाली गेली की तिला वर आणणारे संप्रेरक हेच. तेच कमी पडल्याने इन्सुलिन थोडे जास्त झाले किंवा जेवण लांबले तरी साखर झपाट्याने उतरते आणि आपोआप सावरत नाही. कॅप्सूल वेळेवर न घेतल्यास अन्न नीट शोषले जात नाही आणि घेतलेले इन्सुलिन तेवढ्या जेवणाला जास्त ठरते.

रात्री रानात जाण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि काही खाल्ल्याशिवाय जाऊ नये. साखर ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर, भोवळ जाणवली तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग भाकरी किंवा दूध-पोहे असे काहीतरी खावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे. हा मधुमेह स्वादुपिंडाच्या आजारातून आला आहे हे इन्सुलिन ठरवणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ऊसपट्टा_हुक्केरी

मनापासून आभार. वडिलांच्या चंचीत पूर्वी पान-तंबाखू असे, आता तिच्यात गुळाचे खडे आणि ग्लुकोजची पुडी असते. शेजारच्या रानातल्या गड्यालाही आम्ही लक्षणे समजावून ठेवली आहेत.

आहार_बेळगाव

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. या रुग्णांच्या घरी मला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे ‘तेल-तूप पूर्ण बंद’. कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते आणि वर्षानुवर्षे माणूस मऊ भात आणि पातळ वरणावर राहतो. त्याने शौच थोडे बरे दिसते, पण वजन उतरते, दंड-मांड्या बारीक होतात, अंगात त्राण राहत नाही. आजचा सल्ला असा की स्निग्ध पदार्थ सरसकट बंद करू नयेत. पुरेशा एन्झाइमबरोबर साधे, चौरस जेवण घ्यावे. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, अंडे, मासे, दही, मुगाची उसळ, सगळे चालते. एका वेळी पोट तडस लागेपर्यंत न खाता दिवसात पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. फार चोथ्याचा आहार मात्र मुद्दाम करू नये, कारण जास्त चोथ्याने एन्झाइमच्या कामात अडथळा येतो.

मोठ्या माणसाला मुख्य जेवणाबरोबर साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणारे एन्झाइम, आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मे, असे प्रमाण सुरुवातीला धरतात. पुढे डॉक्टर ते वाढवतात. क्रेऑनसारख्या कॅप्सूलच्या पाकिटावर २५,००० असे जे छापलेले असते ते हेच युनिट. कॅप्सूल चावू नये. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरासारख्या थंड, किंचित आंबट पदार्थात मिसळून लगेच गिळावेत. गरम आमटीत किंवा चहात टाकू नयेत. नुसत्या कोऱ्या चहाला कॅप्सूल लागत नाही, पण म्हशीच्या घट्ट दुधाचा चहा आणि खारी हे खाणेच आहे. कुंदा, करदंट असे गोड पदार्थ सणाला थोडे खायला हरकत नाही, मात्र साखर पाहून आणि कॅप्सूल घेऊन. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर डबी ठेवू नये. उष्णतेने एन्झाइमची ताकद जाते. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी.

अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांबरोबरच शोषली जातात, त्यामुळे त्यांची कमतरता होते आणि हाडे ठिसूळ होतात. वर्षातून एकदा ड जीवनसत्त्व, बी-१२, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हाडांची घनता तपासावी. चाळिशीतल्या पुरुषाच्या मनगटाचे हाड साध्या पडण्याने मोडलेले मी पाहिले आहे. तोवर त्याची ड जीवनसत्त्वाची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

गोकाककर

माझ्या आईला शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे पूर्ण आराम होता. आता पुन्हा पाठीकडे दुखते. शस्त्रक्रिया फसली असे समजायचे का?

निवृत्त_शल्यक

तसे लगेच समजू नये, पण दुर्लक्षही करू नये. जोडलेला भाग आवळणे, पुन्हा खडे होणे, डोक्याकडचा दाह वाढणे, पित्तनलिकेवर दाब येणे, पाण्याची गाठ होणे अशी कारणे असू शकतात आणि बहुतेकांवर उपाय आहे. काही रुग्णांत वर्षानुवर्षांच्या वेदनेने मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. त्यांना नुसती तीव्र वेदनाशामके देत राहिल्यास सवय लागते आणि बद्धकोष्ठही होते. त्यांच्यासाठी नसांच्या वेदनेवरची वेगळी औषधे आहेत. दीर्घकालीन दाह असलेल्यांना स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून नव्याने सुरू झालेले दुखणे, कावीळ, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा अचानक बिघडलेली साखर यांपैकी काहीही दिसल्यास स्कॅन लांबवू नये. आईंना या आठवड्यातच दाखवा.

चिकोडीकर

कागद आणि खर्च यांविषयी थोडे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि इतरांना खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल लागते, ते आधी घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. मिरज-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी आपले गाव त्यात आहे का आणि कोणते कागद लागतील याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरची औषधे १५ दिवसांचीच धरलेली असतात. एन्झाइमच्या कॅप्सूल त्यापुढे आयुष्यभर लागतात, आणि पैशांअभावी तीनच्या जागी एक घेणारी माणसे मी पाहिली आहेत. शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच या दर महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडावा. जनऔषधी केंद्रात इन्सुलिन आणि जीवनसत्त्वे स्वस्त मिळतात.

डिस्चार्ज कार्डावर थांबू नये. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट आणि स्कॅनची सीडीही मागून घ्यावी. यांच्या प्रती जवळच्या डॉक्टरांकडे आधीच देऊन ठेवल्या, तर रात्री-अपरात्री त्यांना अंदाजाने औषध द्यावे लागत नाही.

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. अथणीच्या ताईंची तीन भाषांतली चिठ्ठी आम्हीही करणार आहोत. भावाची पाणथरी शाबूत असली तरी कॅप्सूल आणि साखर यांविषयी तिच्यात लिहिता येईल. भाऊ आता सकाळचे काम पूर्ण करतो, दुपारी मात्र त्याला आडवे व्हावे लागते. घरच्यांनी याला आळस म्हणू नये यासाठी हा धागा मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

कागवाड_वाचक

आम्ही जैन आहोत. या कॅप्सूल कशापासून बनवतात? घरातल्या वृद्धांना हे कळले तर त्या घेऊ देतील की नाही अशी शंका आहे.

आहार_बेळगाव

प्रश्न विचारलात हे फार चांगले केलेत. या कॅप्सूलमधील पँक्रिएटिन, म्हणजे पाचक एन्झाइमचे मिश्रण, डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळवलेले असते आणि हे रुग्णापासून लपवू नये असे माझे मत आहे. दुकानात मिळणारी पचनाची वनस्पतिजन्य किंवा बुरशीजन्य सिरपे तिची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यांत स्निग्ध पदार्थ पचवण्याची ताकद पुरेशी नसते. काही जैन आणि मुस्लिम कुटुंबांनी आपल्या धर्मगुरूंशी बोलून, जीवरक्षणासाठीचे औषध म्हणून ती स्वीकारली आहे. काहींनी नाकारली आहे. निर्णय आपला आहे. तो ठरेपर्यंत शौचाची इलास्टेज तपासणी करून घ्या; स्वादुपिंड किती एन्झाइम बनवते याचा अंदाज तिच्यातून येतो. आकडा २०० च्या वर असेल तर कॅप्सूलची गरज कदाचित नसेलही. १०० च्या खाली असेल तर उणीव मोठी आहे. कॅप्सूल घ्यायची नाही असे ठरले तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे नारळतेलासारखे तुलनेने सहज शोषले जाणारे स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वांची इंजेक्शने आणि दर महिन्याचे वजन यांची आखणी तरी वेळेवर करता येईल.